क्योटो: एका दिवशी शहराची एकच बाजू

क्योटोला जाणाऱ्यांच्या फोनमध्ये यादी ठरलेली असते: सोनेरी मंदिर, लाल कमानींची रांग, बांबूचं बन, गिओनमधल्या जुन्या गल्ल्या. यादी चांगलीच आहे. गाडं अडतं ते ती दोन दिवसांत कोंबताना. सोनेरी मंदिर, म्हणजे किंकाकुजी, शहराच्या वायव्येला आहे. लाल कमानींचं फुशिमी इनारी पार दक्षिणेला, बांबूचं बन आराशियामात पश्चिमेच्या टोकाला आणि कियोमिझु मंदिर पूर्वेच्या डोंगराला टेकून. दोन टोकं एका दिवसात जोडली की दिवसाचा मोठा भाग बसच्या रांगेत आणि बसमध्ये उभ्याने जातो, आणि पोहोचेपर्यंत दारं बंद व्हायची वेळ होते. बहुतेक मंदिरं साडेचार-पाचला बंद होतात आणि शेवटचा प्रवेश त्याआधी अर्धा तास असतो. म्हणून चार दिवस हातात ठेवावेत, रोज एकच बाजू घ्यावी आणि सकाळी लवकर निघावं. या शहरात सकाळी सहा ते नऊ या तीन तासांत जे दिसतं, ते उरलेल्या दिवसात दिसत नाही.

शहर समजायला सोपं आहे. तीन बाजूंना डोंगर, दक्षिण मोकळी. सम्राट कान्मूने ७९४ मध्ये इथे राजधानी आणली तेव्हा चीनमधल्या चांगआनच्या धर्तीवर सरळ उभ्या-आडव्या रस्त्यांची जाळी आखली, ती अजून टिकून आहे. म्हणून ठिकाण सांगताना दोन रस्त्यांची नावं जोडतात: शिजो-कावारामाची म्हणजे शिजो आणि कावारामाची जिथे छेदतात तो चौक. दिशा चुकली तर कामो नदीकडे पाहावं. ती उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते, त्यामुळे पाणी जिकडून येतं ती उत्तर.

मुक्कामासाठी कारासुमा मेट्रोच्या मार्गावरचं कुठलंही ठिकाण बरं. क्योटो स्टेशनजवळ राहिलात तर पहाटेच्या गाड्या सोप्या पडतात, शिजोजवळ राहिलात तर रात्रीचं जेवण. शहराचा मुक्काम-कर माणशी, दर रात्रीला लागतो आणि खोलीच्या दरानुसार वाढत जातो. मार्च २०२६ पासून तो बराच वाढला आहे, तेव्हा बुकिंगच्या रकमेत तो धरलाय की हॉटेलात वेगळा भरायचाय, हे आधीच पाहून ठेवा.

बसबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण जुन्या माहितीवर विसंबून लोक तिथेच फसतात. फक्त बससाठी असलेला एक दिवसाचा पास बंद झाला आहे. आता मिळतो तो मेट्रो आणि बसचा एकत्र पास, ११०० येनचा. शहरातल्या एका बसफेरीला २३० येन पडतात, म्हणजे दिवसात पाच वेळा चढ-उतार असेल तरच पास परवडतो, आणि एका दिवशी एकच बाजू पाहणाऱ्याला तेवढी गरज सहसा पडत नाही. इकोका, म्हणजे पैसे भरून वापरायचं प्रवास-कार्ड, घेतलं की काम भागतं. बसमध्ये मागच्या दाराने चढायचं आणि उतरताना पुढे ड्रायव्हरजवळ पैसे द्यायचे. रोख देणार असाल तर बरोबर २३० येनच पेटीत टाका, पेटी उरलेले पैसे परत देत नाही. नोटा मोडायचं यंत्र शेजारीच असतं, पण बस थांबल्यावर सुटे करायला लागलात तर मागची सगळी रांग खोळंबते. मोठी सुटकेस घेऊन शहर-बसमध्ये चढू नये. चौघे असाल तर टॅक्सी फारशी महाग पडत नाही. टॅक्सीचं मागचं दार आपोआप उघडतं-मिटतं, त्याला हात लावू नका.

पूर्व बाजू पहिल्या दिवशी घ्या. कियोमिझु मंदिर सकाळी सहाला उघडतं आणि प्रवेशाला ५०० येन पडतात. मंदिराची स्थापना ७७८ ची मानतात, आजची मुख्य इमारत १६३३ ची आहे. तिचा लाकडी सज्जा दरीवर सुमारे १३ मीटर उंच उभा आहे. वरून देखावा सगळेच पाहतात. नंतर खाली उतरून सज्जाच्या पायाशी थांबायला विसरू नका, कारण बांधकामाची खरी करामत तिथे दिसते. झेल्कोवा झाडाच्या जाडजूड खांबांना आरपार भोकं पाडून त्यांतून आडव्या तुळया घातल्या आहेत आणि जोडांत लाकडी पाचरा ठोकल्या आहेत. सांगाड्यात खिळा नाही. जोड सैल पडला तर पाचर ठोकून आवळता येतो, खांब कुजला तर तेवढाच भाग बदलता येतो.

सहाला जाण्याची किंमत एकच, चढावरची दुकानं तेव्हा बंद असतात. ती नऊ-दहाला उघडतात. त्यामुळे आधी मंदिर, मग सान्नेनझाका आणि निनेनझाकाच्या पायऱ्यांवरून सावकाश खाली, यासाका पॅगोड्याच्या गल्लीत फोटो आणि नऊला कोदाईजी असा क्रम नीट बसतो. जपान एका सत्तेखाली आणणाऱ्या हिदेयोशीच्या पत्नीने त्याच्या पश्चात १६०६ मध्ये हे मंदिर उभारलं. गिओनमध्ये संध्याकाळी जा, पण हानामिकोजीच्या बाजूच्या खासगी बोळांत शिरू नका. तिथे १०,००० येन दंडाच्या पाट्या आहेत. कामावर निघालेल्या माइकोची, म्हणजे शिकाऊ गेइशाची, वाट अडवून फोटो काढणाऱ्या पर्यटकांमुळेच ही वेळ आली. त्या मुलींना वाट द्यावी, इतकं तरी आपल्या हातात आहे.

दक्षिणेच्या दिवसाची सुरुवात फुशिमी इनारीने. क्योटो स्टेशनवरून जेआरच्या (जपान रेल्वे) नारा मार्गाने दुसरंच स्टेशन, पाच मिनिटं. मात्र या मार्गावरची जलद गाडी इनारीला थांबत नाही, ती सरळ पुढे निघून जाते. फलकावर ‘लोकल’ पाहूनच चढा. देवस्थान चोवीस तास उघडं असतं आणि प्रवेश फुकट आहे. सातच्या आत पोहोचलात तर कमानींच्या पहिल्या दुहेरी रांगेत मोकळी वाट मिळते. नऊनंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते, पण तेव्हाही हार मानायचं कारण नाही. गर्दीतले बहुतेक लोक योत्सुत्सुजी या चौरस्त्यावरून, म्हणजे डोंगराच्या मध्यावरून, शहर पाहून परत फिरतात. तिथून पुढचा वळसा शांत असतो. डोंगर २३३ मीटरचा, पूर्ण फेरीला दोन ते तीन तास लागतात आणि सगळी वाट पायऱ्यांची आहे, तेव्हा गुडघे सांभाळून. पाणी खालीच घ्या, वर जाल तसं महाग होतं.

कमानींवरची काळी अक्षरं चढताना दिसत नाहीत, उतरताना दिसतात. प्रत्येक कमान कुणीतरी वाहिलेली असते आणि देणगीदाराचं नाव व तारीख मागच्या बाजूला कोरलेली असते. खांब जमिनीत शिरतो तिथे लाकूड ओलाव्याने आधी कुजतं, म्हणून जुन्या कमानी काढून नव्या बसवण्याचं काम सतत चालू असतं. इनारी ही मुळात भातशेतीची देवता. तिचे दूत कोल्हे. त्यांच्या तोंडात काय आहे ते पाहत चला: कुठे किल्ली, कुठे रत्न, कुठे गुंडाळी, तर कुठे भाताची लोंबी.

त्याच दिवशी दुपारी सान्जूसान्गेन्दो आणि तोजी पाहा. भारतीय माणसाने क्योटोत दोनच जागा पाहायच्या ठरवल्या तर आम्ही याच दोन सांगू. सान्जूसान्गेन्दो म्हणजे सुमारे १२० मीटर लांबीचं एकच लाकडी दालन. ११६४ मध्ये बांधलं, १२४९ मध्ये जळलं, १२६६ मध्ये पुन्हा उभं राहिलं. आत अवलोकितेश्वराच्या, जपानी नावाने कान्नोनच्या, १००१ मूर्ती आहेत: हजार दहा ओळींत उभ्या आणि मध्ये एक बसलेली. बहुतेकांची नजर त्या सोन्याच्या रांगांवर खिळते आणि पुढच्या ओळीतले २८ रक्षक देव राहून जातात. त्यांत गरुड आहे, पंख पसरून बासरी वाजवणारा. इंद्र आहे. वसु ऋषी आहेत, हाडांचा सापळा झालेले, हातात काठी टेकलेले, आणि त्यांच्या गळ्याच्या शिरा लाकडात जशा उमटल्या आहेत त्या पाहत दहा मिनिटं सहज जातात. फोटोला बंदी आहे. बूट काढून आत जायचं असतं आणि हिवाळ्यात लाकडी जमीन गारठलेली असते, म्हणून जाड मोजे घाला.

तोजी मंदिर क्योटो स्टेशनच्या दक्षिण बाजूने पायी पंधरा मिनिटांवर आहे. त्याचा पाच मजली पॅगोडा सुमारे ५५ मीटर उंच, जपानमधला सर्वांत उंच लाकडी मनोरा. आजचा १६४४ चा आहे. पॅगोडा बाहेरूनही दिसतो, तिकीट काढायचं ते व्याख्यानगृहासाठी. वज्रयान परंपरा जपानमध्ये रुजवणारे भिक्षू कूकाई यांनी आखलेलं २१ मूर्तींचं मंडल तिथे आहे, ८३९ मध्ये पूर्ण झालेलं. एका टोकाला चार तोंडांचा ब्रह्मदेव, चार हंसांनी तोललेल्या कमळावर. दुसऱ्या टोकाला हत्तीवर बसलेला इंद्र, एक पाय खाली सोडलेला. एका बाजूला विद्याराज, म्हणजे उग्र रक्षक देव, त्यांत सहा पायांचा यमान्तक रेड्यावर बसलाय. आणि त्रैलोक्यविजय ज्या दोन देहांवर पाय देऊन उभा आहे, ते महेश्वर आणि उमा. हे पाहून दचकायला होतं. बौद्ध तांत्रिक परंपरेत जुन्या देवांना असं जिंकून घेतल्याचं दाखवतात, आणि तीच वाट चालून ते देव जपानपर्यंत पोहोचले. दर महिन्याच्या २१ तारखेला तोजीच्या आवारात मोठा जुना बाजार भरतो. जुने किमोनो, चिनी मातीच्या वाट्या, लोखंडी किटल्या, सुताराची हत्यारं असं काय काय असतं. तारीख जुळत असेल तर सोडू नका.

वायव्येच्या दिवशी क्रम उलटा करा, असं आमचं मत आहे. सगळे नऊला किंकाकुजीच्या दारात उभे असतात. तुम्ही आठला ऱ्योआनजी मंदिरात जा. मार्च ते नोव्हेंबर ते आठला उघडतं. तिथली दगडांची बाग जेमतेम २५ बाय १० मीटरची, पांढऱ्या खडीत १५ दगड, आणि ओसरीवर कुठेही बसलात तरी निदान एक दगड दुसऱ्यामागे लपतोच. ही बाग शांततेशिवाय पाहताच येत नाही. ओसरीवर शंभर माणसं बसली की उरते नुसती खडी. किंकाकुजीचं तसं नाही. तिथे तळ्याचा काठ रुंद आहे, गर्दीतही सोनं सोनंच दिसतं. १३९७ मध्ये शोगुन (लष्करी सत्ताधीश) आशिकागा योशिमित्सूने सुरू केलेली ती वास्तू १९५० मध्ये एका तरुण भिक्षूने पेटवली. आजची १९५५ ची आहे आणि १९८७ मध्ये तिच्यावर पूर्वीपेक्षा जाड वर्ख चढवला. वाट एकेरी आहे, परत फिरता येत नाही. तळ्यापलीकडून सगळ्यांत चांगलं दृश्य दिसतं ते अगदी सुरुवातीला, तेव्हा तिथेच हवा तेवढा वेळ घ्या. स्टेशनवरून थेट २०५ नंबरची बस जाते, पण ती खचाखच भरलेली असते. मेट्रोने किताओजीपर्यंत जाऊन तिथून बस घेतली तर वेळ वाचतो. ऱ्योआनजी ते किंकाकुजी पायी वीस मिनिटं.

तिथून पूर्वेला इमामिया देवस्थान आहे. त्याच्या पूर्व दाराबाहेर समोरासमोर दोन दुकानं, इचिवा आणि काझारिया. दोघंही एकच पदार्थ विकतात: आबुरी-मोची. इचिवाची परंपरा इसवी सन १००० पासूनची सांगतात. अंगठ्याच्या पेराएवढे मोचीचे तुकडे भाजक्या सोयाबीनच्या पिठात घोळवतात, बांबूच्या चिरलेल्या काडीवर टोचतात आणि मूठभर काड्या एकदम निखाऱ्यांवर धरून वारा घालत भाजतात. कडा काळ्या होऊन फुगू लागल्या की पांढऱ्या मिसोच्या गोडसर रसात बुडवून बशी पुढ्यात येते, सोबत चहा. जळक्या कडेचा कडसरपणा आणि मिसोचा गोडवा एकत्र लागला पाहिजे, म्हणून गरम असतानाच खायचं. गार झाली की मोची चिवट होते. बांधून नेण्यात अर्थ नाही. बुधवारी सहसा बंद असतं.

आता जेवणाचा मुख्य मुद्दा. क्योटोला समुद्र नाही, मंदिरं आहेत आणि पाणी मऊ आहे. त्यामुळे इथलं स्वयंपाकघर टोफू, युबा (सोया-दुधाची साय), फू (गव्हाच्या चिकाचा पदार्थ), भाज्या आणि लोणच्यांवर उभं राहिलं. शाकाहारी माणसाला जपानमध्ये याहून सोयीचं शहर मिळणं कठीण. अडचण एकाच गोष्टीची आहे, दाशीची. दाशी म्हणजे बहुतेक रश्श्यांचा पाया असलेलं पाणी, आणि ते सहसा कोम्बू या समुद्री वनस्पतीबरोबर काट्सुओ माशाच्या वाळवलेल्या कापांपासून करतात. ताटात मासा दिसत नाही, पण चवीत असतो. मिसो सूप, उदोन, अंड्याची गुंडाळी, भाज्यांची उकड, तळलेल्या टोफूचा रस्सा, सगळीकडे. इनारी-झुशी, म्हणजे तळलेल्या टोफूच्या पिशवीतला भात, दिसायला पूर्ण शाकाहारी. पण ती पिशवीही बहुधा दाशीतच शिजवलेली असते. भाज्यांचा तेम्पुरा मागवलात तर बुडवायच्या रसाऐवजी मिठाबरोबर खा. पिठात अंडं असू शकतं, तेही विचारा.

नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही. हे वाक्य फोनवर जपानी लिपीत तयार ठेवा आणि दाखवा: ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन. काट्सुओ नो दाशि मो ताबेरारेमासेन.’ मांस आणि मासे खात नाही, काट्सुओची दाशीही चालत नाही. ऑर्डर द्यायच्या आधी दाखवा, कारण दाशी सकाळीच मोठ्या भांड्यात होऊन जाते, ऐन वेळी बदलता येत नाही. नाही म्हणाले तर तो अपमान समजू नका. खरं सांगितल्याबद्दल आभार मानून पुढच्या दुकानात जा.

निर्धास्त जेवायचं असेल तर शोजिन ऱ्योरी, मठातलं जेवण. यात दाशी कोम्बू आणि वाळवलेल्या शिताके अळंब्यांची असते. मांस-मासे नाहीतच, शिवाय परंपरेने कांदा-लसूण वर्गातल्या उग्र भाज्याही वर्ज्य. चातुर्मास पाळणाऱ्या घरातल्या माणसाला हा नियम वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. आराशियामात तेनऱ्यूजी मंदिराच्या आवारात असं जेवण मिळतं, दाइतोकुजी मंदिराच्या परिसरातही मिळतं. तिथे लाल लाखेच्या वाट्या जेवण संपल्यावर एकात एक बसवून ठेवतात. आधी बुकिंग करा आणि जेवण दुपारीच धरा. तीन ते सहा हजार येनची तयारी ठेवा.

युदोफू, म्हणजे गरम पाण्यातला टोफू, नान्झेनजी मंदिराच्या आसपास किंवा आराशियामात खावा. मातीच्या भांड्यात तळाशी कोम्बूचा तुकडा, वर पाणी, त्यात टोफूचे मोठे चौकोन, खाली मंद आच. भांडं तुमच्यासमोरच ठेवतात, तेव्हा लक्षही तुम्हीच ठेवायचं. पाणी खदखदू देऊ नये. जोरात उकळलं की टोफूत बारीक छिद्रं पडतात आणि तो रबरासारखा होतो. चौकोन पाण्यात हलके थरथरू लागले की झाऱ्याने उचलायचे. पाणी शाकाहारी आहे, पण सोबतचा सोया-रस बहुधा काट्सुओ घातलेला असतो. त्याऐवजी साधा सोया सॉस, किसलेलं आलं आणि सात मसाल्यांची पूड मागून घ्या. पहिला घास काहीही न लावता खा. सोयाबीनची आणि पाण्याची चव तेव्हाच कळते. युबा म्हणजे तापलेल्या सोया-दुधावर धरलेली साय, काठीने अलगद उचललेली. ताजी मिळाली तर अवश्य घ्या.

मासे खाणाऱ्यांसाठी दोन पदार्थ. साबा-झुशी: वाकासाच्या किनाऱ्यावरून मीठ लावलेला बांगड्याच्या जातीचा मासा पूर्वी डोंगर ओलांडून पायी क्योटोत येई, त्यावरून घडलेला पदार्थ. बाहेरचा जाड कोम्बू काढून खायचा. आणि उन्हाळ्यात हामो, अगदी काटेरी मासा. सालीला धक्का न लावता त्यावर बारीक-बारीक काप देतात, म्हणजे काटे घशात टोचत नाहीत. उकळत्या पाण्यात टाकला की तो फुलासारखा उमलतो आणि उमेबोशी या खारवलेल्या आंबट फळाच्या चटणीबरोबर वाढतात.

निशिकी बाजार सुमारे ३९० मीटरची छप्पर घातलेली गल्ली आहे. चालता चालता खाणं तिथे चालत नाही. दुकानासमोर उभं राहून खा आणि काडी तिथेच परत द्या. रस्त्यावर कचऱ्याचे डबे सापडत नाहीत, म्हणून एक पिशवी जवळ असू द्या. लोणच्यांत तांबड्या शिसोच्या पानांतलं शिबाझुके आणि फक्त थंडीत मिळणारं, पातळ चकत्यांचं सेन्माइझुके चाखून घ्या. घरी न्यायला दालचिनीच्या वासाची याट्सुहाशी ही मिठाई ठीक. मऊ प्रकार थोडेच दिवस टिकतो, पाकिटावरची तारीख पाहा. भाजलेली कडक याट्सुहाशी सुटकेसमध्ये बिनधास्त टाका.

आराशियामाला बांबूचं बन सातच्या सुमारास, मग साडेआठला तेनऱ्यूजीची बाग, एवढं पुरे. दुपारी वेळ उरला तर उजी हे जवळचं गाव गाठा. तिथल्या ब्योदोइन मंदिरातला १०५३ चा फिनिक्स मंडप म्हणजे तुमच्या खिशातल्या दहा येनच्या नाण्यावरची इमारत. आत जायचं तिकीट वेगळं आणि थोड्याच माणसांना मिळतं, म्हणून आवारात शिरल्या शिरल्या आधी ते घ्या, मग माचा (हिरव्या चहाच्या पुडीचा चहा).

शेवटच्या दिवशी स्टेशनवरचे मोठे लॉकर सकाळीच भरून जातात, सामान हॉटेलातच ठेवलेलं बरं. कान्साई विमानतळाला जाणारी हारुका एक्स्प्रेस ३० नंबरच्या फलाटावरून सुटते. हा फलाट स्टेशनच्या पश्चिम टोकाला आहे, मुख्य फाटकातून सामान ओढत तिथवर जायला दहा मिनिटं हाताशी ठेवा.